विश्लेषण : वारस कोण, ‘कुटुंब’ कोण, ‘शेतकरी’ कोण? मतदार बाईच्या प्रश्नाला नेत्यांनी उत्तर का द्यावे?

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याचे पाणी कालव्याने लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंत जाते आणि त्यावर धान पिकते. या कालव्यावर शेजारी-शेजारी दोन बांध्या आहेत असे धरू. एक कुणबी कुटुंबाची, दुसरी गोंड कुटुंबाची. दोन्ही घरांत बाप वारला, मागे एक मुलगा आणि एक मुलगी. पाणी एकाच पाटाचे, रोवणी एकाच आठवड्यातली, तलाठीही एकच. तरीही पहिल्या घरातील मुलीचा हिस्सा कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेला आहे, आणि दुसऱ्या घरातील मुलीला तो कोर्टात जाऊन सिद्ध करावा लागतो. फरक आहे तो एका पोटकलमाचा.

निवडणुकीच्या सभेत रस्ता, पूल, धानाचा बोनस, कालव्याची गळती यांवर प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरेही मिळतात. मग ती खरी असोत वा नसोत. मात्र एखाद्या बाईने ‘आमच्या समाजातल्या मुलीला बापाच्या जमिनीत वाटा आहे की नाही?’ असे विचारले, तर मंचावर शांतता पसरते. ‘हा कायद्याचा विषय आहे, वकिलांना विचारा,’ असे सांगून माईक पुढे दिला जातो. हे उत्तर चुकीचे आहे. वकील कायदा वाचून दाखवतो, तो लिहिण्याचे काम मंचावर बसलेल्यांचे असते.

पोटकलम नेमके काय म्हणते?

हिंदू वारसा कायदा १९५६चा. या कायद्यापुरता ‘हिंदू’ हा शब्द बराच मोठा आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीख येतात. म्हणजे अर्जुनी मोरगावच्या बौद्ध कुटुंबातील मुलीलाही तो लागू आहे. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी ही मुलाच्या बरोबरीची वारस आहे, हे १९५६ पासूनच ठरलेले आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २२ जून १९९४ पासून लागू केली. मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्राने २००५ साली दुरुस्ती केली तेव्हा ती अट उरली नाही. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हक्क जन्माने येतो.

इथपर्यंतची गोष्ट पहिल्या बांधीची. दुसऱ्या बांधीसाठी याच कायद्याचे कलम २, पोटकलम २ वाचावे लागते. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून वेगळा निर्देश दिल्याखेरीज या कायद्यातले काहीही अनुसूचित जमातींना लागू होणार नाही, असे ते म्हणते. त्यामुळे गोंड, हलबा अशा जमातींतील वारसा त्या-त्या समाजाच्या रूढीवर चालतो. आदिवासींच्या प्रथांचा मान राखावा, हा त्यामागचा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण रूढी कुठे लिहिलेली नसते. ती गावागावात बदलते, आणि तंटा उभा राहतो तेव्हा ती सांगायला बहुधा पुरुषच पुढे येतात.

यातून एक विचित्र अवस्था तयार झाली. एखादे आदिवासी कुटुंब पुरेसे ‘हिंदू चालीरीतींचे’ झाले असेल तर त्याला हिंदू वारसा कायदा लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका संथाळ कुटुंबाच्या खटल्यात मान्य केले. म्हणजे वाटा मागणाऱ्या बाईने आधी आपल्या घरची लग्ने कशी लागतात, अंत्यविधी कसे होतात, सण कोणते पाळले जातात, याचे पुरावे द्यायचे. वाटा हवा तर आपली ओळख थोडी सोडा आणि ओळख जपायची तर वाटा विसरा, असाच याचा अर्थ. हा पेच कोणत्याही न्यायाधीशाने मुद्दाम तयार केलेला नाही. तो कायदेमंडळाने १९५६ पासून न सोडवलेला पेच आहे.

न्यायालयांनी किती वेळा दार ठोठावले?

पहिली मोठी वेळ १९९६ची. मधु किश्वर खटल्यात छोटा नागपूर भागातील आदिवासी स्त्रियांच्या वारसा हक्काचा प्रश्न आला. न्यायालयाने स्त्रियांना उपजीविकेपुरते संरक्षण दिले, पण रूढी सरसकट रद्द करण्याचे टाळले. दुसरी वेळ ९ डिसेंबर २०२२ची. कमला नेती खटल्यात न्यायालयाने आदिवासी बाईचा हिंदू वारसा कायद्याखालील दावा फेटाळला, कारण पोटकलम आडवे येत होते. त्याच निकालात केंद्र सरकारला मात्र सांगितले, की बिगर-आदिवासी मुलीला समान वाटा असताना आदिवासी मुलीला तो नाकारण्याचे समर्थन होऊ शकत नाही, तेव्हा कायद्यात दुरुस्ती करण्याचा विचार करा.

तिसरी वेळ इटियाडोहच्या वाचकाला सर्वांत जवळची आहे. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाचा खटला निकाली काढला. धैया नावाच्या गोंड बाईच्या वारसांनी आजोबांच्या मिळकतीत आईचा हिस्सा मागितला होता. खालच्या न्यायालयांनी ‘गोंड समाजात मुलीला वाटा असल्याची रूढी तुम्ही सिद्ध केली नाही’ म्हणून दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने ही मांडणीच उलटी ठरवली. मुलीला वाटा नाकारणारी रूढी आहे, हे तरी कुणी सिद्ध केले? तेही कुणी केले नव्हते. मग केवळ बाई आहे म्हणून तिला वगळणे हा समानतेच्या हक्काचा, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १४चा भंग ठरतो, असे सांगून धैयाच्या वारसांना समान हिस्सा दिला गेला.

या निकालात १८७५च्या मध्य प्रांत कायद्याचाही आधार चर्चिला गेला. जिथे लागू पडणारा नियम सापडत नाही तिथे न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांनुसार निर्णय करावा, असे हा जुना कायदा सांगत होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि भंडारा हा त्याच जुन्या मध्य प्रांतातला जिल्हा. छत्तीसगडच्या गोंड घराचा निकाल इटियाडोहच्या गोंड घराला परका नाही.

पण म्हणून प्रश्न मिटला असे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिमाचल प्रदेशच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच पुन्हा स्पष्ट केले, की हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. आदिवासी भागातील मुलींना या कायद्यानुसार वारसा मिळेल, हा उच्च न्यायालयाचा निर्देश त्याने काढून टाकला. दोन निकाल एकत्र वाचले तर चित्र असे दिसते : कायदा लागू नाही, समानतेचे तत्त्व लागू आहे, आणि प्रत्येक बाईला ते तत्त्व आपल्यासाठी स्वतंत्रपणे मिळवावे लागेल. अर्जुनी मोरगावच्या एखाद्या बाईने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे, ही अपेक्षा ठेवणे म्हणजे ‘नाही’ हेच उत्तर जरा लांबवून देणे.

जमीन बाहेर जाईल, या भीतीचे काय?

आदिवासी समाजातील अनेक जाणती माणसे, त्यांत बायाही, समान वारशाला सावधपणे पाहतात. त्यांचा मुद्दा खोटा नाही. मुलीने बिगर-आदिवासीशी लग्न केले तर जमीन समाजाबाहेर जाईल, किंवा जमिनीसाठीच अशी लग्ने जमवली जातील, ही भीती पूर्व विदर्भात जमिनी कशा गेल्या हे पाहिलेल्यांना असणारच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ या कलमांनी आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यावर परवानगीचे बंधन घातले, ते याच अनुभवातून.

मात्र या भीतीचे उत्तर मुलीला वगळणे हेच एकमेव आहे काय? वारशाने आलेली जमीन समाजाबाहेर विकता येणार नाही, तिच्या पुढच्या हस्तांतरणाला ग्रामसभेची संमती लागेल, असे उपाय कायद्यात लिहिता येतात. मुलानेही जमीन गमावल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. त्यावरून कुणी मुलाचा वारसा काढून घेत नाही. यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. म्हणूनच उमेदवाराचे मत कोणते, ते मतदाराला कळायला हवे.

समान नागरी कायद्याच्या वादात तर ही पळवाट दोन्ही बाजूंना उपलब्ध आहे. उत्तराखंडने तो कायदा २०२४ मध्ये केला आणि जानेवारी २०२५ पासून लागू केला. त्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. जे समान कायद्याच्या बाजूने बोलतात त्यांनी ‘समान’मध्ये आदिवासी लेक बसते का, हे सांगावे. जे आदिवासी प्रथांच्या रक्षणासाठी त्याला विरोध करतात त्यांनी त्या प्रथेत लेकीची जागा कोणती, हे सांगावे. दोन्हीकडचे नेते सध्या या एका वाक्यावरून उडी मारून पुढे जातात.

व्याख्या बदलायला किती दिवस लागतात?

‘कायदे बदलणे सोपे नसते’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. म्हणून २०२४ चा उन्हाळा संपतानाचा एक आठवडा आठवून पाहावा. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ रोजी निघाला. त्यात वयाची मर्यादा ६० होती, पाच एकरांपेक्षा जास्त जमीन असलेले कुटुंब अपात्र होते. ३ जुलैला वयोमर्यादा ६५ झाली, जमिनीची अट गेली आणि कुटुंबातील एका अविवाहित महिलेलाही लाभ मिळेल असे ठरले. पाच दिवस लागले. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती, एवढे लक्षात ठेवले म्हणजे वेगाचे कारण शोधावे लागत नाही.

पाच दिवसांत बदल झाला यात गैर काही नाही, चांगलेच झाले. शासन निर्णय आणि संसदेचा कायदा यांची वाट सारखी नसते, हेही मान्य. पण ‘पात्र बाई कोण’ आणि ‘कुटुंब म्हणजे कोण’ हे वरून पडलेले नसते, सरकार ठरवते आणि सरकारच बदलते, हे यातून सर्वांना दिसले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तेव्हा महिलेच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. नवरा वारलेला, वडीलही नाहीत. किंवा नवऱ्याने टाकलेले आणि तो क्रमांक द्यायला तयार नाही, अशा बायांनी काय करायचे? ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांसाठी वेगळी सोय करावी लागली. फॉर्मच्या एका रकान्याने बाईची ओळख पुन्हा एकदा पुरुषामार्फत पटवली. हा रकाना ठेवायचा की नाही, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेले असते.

सुनेला साप चावला तर?

इटियाडोहच्या कालव्यावर आषाढात परे काढणे, पेंढ्या बांधणे, चिखलात वाकून रोवणी करणे हे काम जवळपास सगळे बायांचे. साप चावतो तो याच दिवसांत. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात आणि सर्पदंश त्यात धरला आहे. पूर्वी ही योजना फक्त सातबारावर नाव असलेल्यासाठी होती. २०१९ मध्ये ती वाढवून कुटुंबातील आणखी एका सदस्याला संरक्षण दिले. तो सदस्य कोण? आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी.

यादी पुन्हा वाचावी. सून नाही. सातबारा सासऱ्याच्या नावावर, चिखलात सून, आणि ‘कुटुंबा’त ती नाही. माहेरी परतलेली, बापाचे शेत कसणारी लग्न झालेली मुलगीही नाही. २०१९ चा बदल हा सुधारणाच होता, यात शंका नाही. पण तो करताना शेतात नेमके कोण वाकते, हे कुणी बांधावर येऊन पाहिले असते तर एक शब्द वाढला असता. हा शब्द वाढवायला संसद लागत नाही, मंत्रालयातील शासन निर्णय पुरतो. गावच्या आमदाराच्या आवाक्यातला प्रश्न यापेक्षा दुसरा कोणता असेल?

‘शेतकरी’ या शब्दाचेही तेच. केंद्राच्या २००७च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने कूळ, बटईदार, शेतमजूर, वनोपज गोळा करणारे आणि स्त्रिया यांना सामावणारी मोठी व्याख्या केली होती. प्रत्यक्षात योजनांचे दार सातबाराच्या चावीनेच उघडते. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक राज्यसभेत मांडले, ते कायदा झाले नाही. त्याआधी महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६च्या चांदवड महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवून हजारो घरांत बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करवून घेतला होता. कायद्याने सांगितले नव्हते, तरी लोकांनी केले.

धरणाच्या पोटातला प्रश्न

इटियाडोहचे नाव घेतले की आणखी एक व्याख्या आठवते. धरण १९७०च्या सुमारास पूर्ण झाले. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा. म्हणजे हे पाणी अडले तेव्हा ‘विस्थापित कुटुंब’ कोणाला म्हणायचे, याचा कायदाच नव्हता. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये प्रत्येक सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले. सज्ञान मुलीला नाही. घर एकच बुडाले, पण मुलाला वेगळी जमीन आणि मुलीला लग्नाची वाट. २०१३च्या भूसंपादन कायद्याने मात्र स्त्री असो वा पुरुष, सज्ञान व्यक्ती म्हणजे स्वतंत्र कुटुंब, आणि विधवा, घटस्फोटित, टाकलेली बाई हीही स्वतंत्र कुटुंब, असे लिहिले. चौतीस वर्षांत एका शब्दाने केवढा प्रवास केला! तो काही आपोआप झाला नाही. विस्थापितांच्या आंदोलनांतील बायांनी तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता.

वनहक्क कायद्यातही अशीच चांगली तरतूद आहे. पट्टा विवाहितांना नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, आणि ग्रामसभेच्या गणपूर्तीत किमान एकतृतीयांश बाया हव्यात. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या तालुक्यात हे प्रत्यक्षात किती पाळले गेले, ते प्रत्येक गावच्या वनहक्क समितीला विचारता येते.

उत्तर टाळले की काय होते?

ब्रिटनमध्ये ‘कायद्याच्या दृष्टीने स्त्री कोण?’ या प्रश्नावर तिथले पुढारी काही वर्षे अडखळत राहिले. मुलाखतीत विचारले की विषय बदलत. शेवटी १६ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की २०१०च्या समानता कायद्यात ‘स्त्री’चा अर्थ जैविक लिंगावरून ठरतो. निकाल योग्य की अयोग्य, यावर तिथे तीव्र मतभेद आहेत. स्त्री संघटनांतही आहेत, पारलिंगी नागरिकांच्या चिंताही खऱ्या आहेत. पण ज्या चर्चेत दोन्हीकडच्या लोकांचे ऐकून संसदेने मधला रस्ता काढायचा, ती चर्चा न झाल्यामुळे प्रश्न न्यायालयात गेला. न्यायालय पुढ्यातल्या शब्दाचा अर्थ सांगते. दोघांना जगता येईल अशी नवी रचना उभारणे हे त्याचे काम नव्हे.

‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे आपल्याकडचे आवडते उत्तर याच कारणाने अपुरे पडते. चालू खटल्याच्या गुणदोषांवर बोलू नये, हे बरोबर. पण ‘तुम्ही निवडून आलात तर कायदा कसा असावा असे म्हणाल?’ या प्रश्नाला कोणताही खटला आड येत नाही. ‘समिती नेमू’ हेही चालेल. मात्र समितीत कोण, मुदत किती, अहवाल सभागृहात ठेवणार का, हे त्याच वाक्यात यायला हवे. आणि ‘मला अभ्यास करून सांगावे लागेल’ हे तर चांगले उत्तर आहे, जर पुढच्या सभेत तो नेता खरेच सांगणार असेल.

कोणाला काय विचारायचे?

खासदाराला : पोटकलमात अधिसूचनेची सोय आहे. त्यासाठी नवे विधेयकही लागत नाही, केंद्राने राजपत्रात निर्देश काढला तरी पुरे. कमला नेती निकालानंतर सरकारने काय ठरवले, हा प्रश्न लोकसभेत लेखी विचारता येतो आणि मंत्र्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. आमदाराला : वारसा हा समवर्ती सूचीतला विषय आहे, म्हणूनच १९९४ मध्ये महाराष्ट्राला केंद्राच्या आधी पाऊल टाकता आले. अर्जुनी मोरगावचा आमदार नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अपघात योजनेतील ‘सून’ या एका शब्दासाठी लक्षवेधी लावू शकतो. सरपंचाला : ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते, ती घेतली जाते की फक्त रजिस्टरवर सह्या होतात? निम्म्या जागा बायांच्या आहेत, तेव्हा हा प्रश्न ऐकणारी सरपंचही अनेकदा बाईच असेल.

तोवर वारसनोंदीच्या वेळी ‘बहिणीने हक्कसोड करून दिली म्हणजे झाले’ हा रिवाज चालूच आहे. हक्कसोडपत्रावर सही करणे कोणत्याही बहिणीवर बंधनकारक नाही, ती आदिवासी असो वा नसो. तलाठ्याने फेरफार नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस निघते, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात.